छाटणीवर चालणारं यंत्र

२००९ साली ब्यूनस आयर्सच्या कोपा मर्कोसुर बुद्धिबळ स्पर्धेत एका मोबाइल फोनने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. फोन एचटीसीचा, त्यात पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम आणि प्रोग्रामच्या पोटात हायार्क्स हे इंजिन. सेकंदाला वीस हजार स्थितीसुद्धा ते तपासत नव्हतं. बारा वर्षं आधी, १९९७ मध्ये, कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचा आणि त्यासाठी ४८० खास चिपा राबत होत्या. दहा हजारपट कमी पाहणारा खिशातला फोन मुरलेल्या खेळाडूंची स्पर्धा सहज मारून नेतो. याचं बरंचसं श्रेय छाटणीला जातं. इंजिन काय पाहतं याचं कौतुक खूप झालंय. काय पाहायचं टाळतं ते मला जास्त विलक्षण वाटतं.

क्लॉड शॅननने १९५० च्या लेखात हिशेब मांडून ठेवला होता. एका स्थितीत साधारण तीस कायदेशीर खेळ्या. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून सुमारे हजार शक्यता. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन खेळ्या पाहायच्या तर शंभर कोटी. मायक्रोसेकंदाला एक शक्यता तपासणारं यंत्र मिळालं, तरी एका खेळीला सोळा मिनिटांहून जास्त वेळ जाणार. त्यामुळे सगळंच बघायचं की निवडक, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता.

त्याचं पहिलं मोठं उत्तर म्हणजे अल्फा-बीटा. जॉन मॅकार्थी, नेवेल-शॉ-सायमन हे त्रिकूट, रशियातले ब्रुड्नो असे अनेकजण १९५०-६० च्या दशकांत वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोचले. युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, इंजिन पांढऱ्याकडून खेळतंय. पहिली खेळी त्याने पूर्ण तपासली: काळ्याने उत्तमातलं उत्तम उत्तर दिलं तरी आपण एका प्याद्याने पुढे राहतो. आता दुसरी खेळी. काळ्याची तीस उत्तरं संभवतात. पहिल्याच उत्तरात काळ्याचा घोडा आपला वजीर फुकटात मारतो. उरलेली एकोणतीस उत्तरं बघायचीच नाहीत! त्यांत काळ्यासाठी याहून चांगलं काही निघालं, तर आपली अवस्था आणखी वाईट. नाही निघालं, तर तो वजीर घेणारच. कसंही असलं तरी ही खेळी पहिलीपेक्षा वाईटच ठरते. ती किती वाईट आहे ते मोजत बसण्यात अर्थ नाही.

ही छाटणी शंभर टक्के निर्धोक असते. खेळ्या-उत्तरांच्या फांद्यांचं संपूर्ण झाड चाळून जे उत्तर येईल, नेमकं तेच येतं. मात्र चांगली खेळी आधी तपासली तरच छाटणीचा फायदा. तीस खेळ्या आणि सहा पायऱ्यांचं झाड घ्या: टोकाला ७२ कोटी ९० लाख स्थिती. प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम खेळी आधी आली, तर त्यांतल्या फक्त ५३,९९९ बघाव्या लागतात. क्नुथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये या पद्धतीचं सविस्तर गणित मांडलं. क्रम उलटा लागला, तर जवळजवळ काहीच वाचत नाही. म्हणून इंजिनाची निम्मी हुशारी खेळ्यांची रांग लावण्यात जाते. मारामारीच्या खेळ्या आधी, त्यातही प्याद्याने वजीर मारायची संधी सर्वांत पुढे. शेजारच्या फांदीवर जी शांत खेळी भारी पडली, ती इथेही लवकर करून बघायची. आणि आधी उथळ शोध घेऊन त्यात पहिली आलेली खेळी पुढच्या, खोल शोधात अग्रभागी ठेवायची.

इथवर सगळं सिद्ध करता येतं. यापुढे जुगार सुरू होतो, आणि आजची इंजिनं याच जुगारावर उभी आहेत.

पहिला जुगार 'रिकाम्या खेळी'चा. इंजिन स्वतःला विचारतं: मी आत्ता काहीच खेळलो नाही, पाळी तशीच सोडली, तर? तरीही वरचढ राहत असेन, तर खरी खेळी केल्यावर राहणारच. म्हणजे ही फांदी इथेच छाटायला हरकत नाही. डॉन बील यांनी १९८९ मध्ये आणि क्रिली डॉनिंगर यांनी १९९३ मध्ये यावर लिहिलं, आणि ही युक्ती घरोघरच्या इंजिनांत शिरली. पण बुद्धिबळात अशाही जागा असतात जिथे खेळायची सक्तीच घात करते. पांढरा राजा ई ५ वर, त्याचं प्यादं ई ४ वर, काळा राजा ई ७ वर. पाळी काळ्याची. तो गप्प बसू शकला असता तर डाव बरोबरीत होता. पण त्याला हलावं लागतं, पांढऱ्या राजाला वाट मिळते आणि प्यादं वजीर होऊनच थांबतं. रिकाम्या खेळीवर विसंबलेलं इंजिन इथे काळ्याला सुरक्षित समजून बसेल. म्हणून ज्याची पाळी त्याच्याकडे राजा आणि प्यादी एवढंच उरलं असेल, तर चांगली इंजिनं ही युक्ती बंद ठेवतात.

दुसरा जुगार रांगेच्या शेपटाशी चालतो. रांग नीट लावलेली असेल, तर विसाव्या क्रमांकाची खेळी बहुधा कुचकामीच. मग ती कमी खोलीपर्यंतच बघायची; अनपेक्षितपणे चांगली निघाली, तरच पूर्ण खोलीने पुन्हा तपासायची. किती कमी करायचं, याला सिद्धांत नाही. २००८ पासून वाढत आलेल्या स्टॉकफिश या मुक्त इंजिनात हे आकडे अनुभवाने ठरतात. कुणी बदल सुचवला, की फिशटेस्ट या व्यवस्थेतून जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात. नवी खरोखर सरस ठरली तरच बदल आत. हे सारं २०१३ पासून उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललंय. निनावी कष्टांनी घडत गेलेलं इतकं बारीक काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. २०२० मध्ये स्टॉकफिशने स्थितीची किंमत ठरवायला न्यूरल नेटवर्क घेतलं, तरी छाटणीचा हा सांगाडा टिकून राहिला.

पडद्यावर 'खोली ३०' दिसतं तेव्हा सगळ्या फांद्या तीसपर्यंत पाहिल्या असा समज करून घेऊ नये. मुख्य वाट तेवढी खोल असते, काही फांद्या त्याहूनही लांब जातात, पण बहुतेक फार आधीच तोडलेल्या असतात. १९९८ च्या लिनारेस स्पर्धेत टोपालोव्हविरुद्ध शिरोव्हने ४७ व्या चालीत आपला उंट एच ३ वर ठेवला, पांढऱ्या प्याद्याच्या तोंडात. काही मारलं नाही, शह दिला नाही, वरवर पाहता उंट दान केला. मोबदला म्हणून त्याच्या राजाला मधोमध घुसायला एक मोलाची चाल मिळाली, आणि तिचं फळ बऱ्याच खेळ्यांनंतर दिसलं. आधी तोडायच्या फांदीची सगळी लक्षणं या एका खेळीत होती, आणि त्या काळच्या इंजिनांना ती सापडत नसे. घरी विश्लेषण करताना इंजिनाने चांगली खेळी छाटली असावी अशी शंका आली, तर खोलीच्या आकड्यावर विसंबू नये. आपल्या मनातली खेळी पटावर स्वतः करावी आणि इंजिनाला तिथून पुढे विचार करू द्यावा. छाटलेली फांदीच आता बुंधा झालेली असते, आणि पुष्कळदा त्याचं मत झपाट्याने बदलतं.