एनव्हीडीएचा आवाज बसलाय? आधी हे तपासा

गाणं खणखणीत वाजतंय, पण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मात्र कुजबुजतोय? लगेच रीइन्स्टॉल करू नका. विंडोजमध्ये आवाजाचे नळ तीन-चार आहेत, त्यातला एखादाच आवळलेला असतो. (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट.)

१. अजिबातच बोलत नाही? चुकून एनव्हीडीए + एस दाबलं गेलं असेल. 'टॉक' ऐकू येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा दाबा.

२. हळू बोलतोय? एनव्हीडीए + कंट्रोल + व्ही दाबा, स्पीच सेटिंग उघडेल. टॅब करत व्हॉल्यूमवर या आणि बाणाने वाढवा.

३. तिथे १०० असूनही हळूच? स्टार्टमध्ये 'व्हॉल्यूम मिक्सर' शोधा. प्रत्येक ॲपची पट्टी वेगळी असते; एनव्हीडीएची खाली गेलेली असू शकते.

४. कॉल लागला की आवाज पडतो? कंट्रोल पॅनेलमधल्या जुन्या साउंड खिडकीतल्या कम्युनिकेशन्स टॅबमध्ये जा. कॉलच्या वेळी बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचा पर्याय तिथे असतो. 'डू नथिंग' निवडा.

५. उलट, एनव्हीडीए बोलला की गाणंच दबतं? ते ऑडिओ डकिंग. एनव्हीडीए + शिफ्ट + डी दाबून ते बंद करा.

काहीच ऐकू येत नसेल, तर विंडोज + कंट्रोल + एंटरने नॅरेटर सुरू करून हीच दुरुस्ती करा.

शेवटी एनव्हीडीए + कंट्रोल + सी दाबून सेटिंग सेव्ह करा, नाहीतर कदाचित उद्या पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!