गणवेशाचा धागा आगीशी कसा वागतो?

गोंदिया तालुक्यातल्या नागरा परिसराला विमानाचा आवाज नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली बिरसीची धावपट्टी याच तालुक्यात आहे. तिथे आज वैमानिक घडतात. याच पूर्व विदर्भात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाचे किडे वाढवतात. विमान आणि रेशीम यांचे नाते हवाई सुंदरीच्या गणवेशात सापडते.

जगातली पहिली हवाई सुंदरी एलन चर्च ही परिचारिका होती. 15 मे 1930 रोजी तिने अमेरिकेत पहिले उड्डाण केले. तिचा बाहेरचा गणवेश गडद हिरव्या लोकरीचा होता आणि त्यावर खांद्यावरून घ्यायचा झगा असे. त्या काळी विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, थंडीही बोचायची. दर किलोमीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे दोन किलोमीटरवर जमिनीपेक्षा तेरा अंश कमी. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते आणि ऊब टिकते.

लोकरीचा दुसरा गुण त्याहून मोलाचा आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. लोकर पेटती राहायला सुमारे 25 टक्के लागतो, रेशमाला 23 च्या आसपास, सुताला 18 पुरतो. म्हणून ज्योत दूर केली की लोकर आणि रेशीम बहुधा विझतात. दोन्ही प्रथिनांचे तंतू, म्हणूनच कोशाचा धागा जळताना केस जळल्यासारखा वास येतो.

मुंबईहून 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे पहिले विमान लंडनला निघाले, तेव्हा हवाई सुंदरींचा गणवेश पाश्चात्त्य धाटणीचा होता. 1960 च्या दशकात त्याची जागा रेशमी साडीने घेतली. त्याच सुमारास जगभर नायलॉन, पॉलिएस्टरचे कपडे पसरत होते. धुवायला सोपे, चुरगळत नाहीत. पण आगीत ते वितळून कातडीला चिकटतात. आपत्कालीन घसरगुंडीवर नुसत्या घर्षणानेही नायलॉनचे मोजे तापून इजा करू शकतात.

मोठ्या विमानाला मान्यता मिळायची तर निम्मीच दारे वापरून सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडल्याचे दाखवावे लागते. ते दीड मिनिट हवाई सुंदरी सर्वांत शेवटपर्यंत आत थांबते. तिच्या अंगावरचा कपडा म्हणूनच शोभेआधी संरक्षणासाठी असावा.

आपणही विमानात बसताना नायलॉनऐवजी अंगभर लोकरी, किंवा निदान न वितळणारे सुती कपडे घालावेत.