एडी लिओनिसची ज्वाला की शेजाऱ्याचा उजेड?

कर्जत-खालापूरकडून लाल खुज्या ताऱ्यांच्या ज्वाला टिपायच्या असतील, तर प्रॉक्सिमा सेन्टॉरीचा नाद सोडा. तो इथून दक्षिण क्षितिजावर जेमतेम आठ अंश वर येतो. त्याऐवजी एडी लिओनिस घ्या. अंतर १६ प्रकाशवर्षं, प्रत साधारण ९.४, आणि मार्चच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर. छोटी दुर्बीण आणि कॅमेरा पुरतो.

अडचण आहे ती शेजाऱ्याची. सिंहाच्या आयाळीतला अल्जिबा फक्त साडेपाच कलांवर आहे, आणि सुमारे ९०० पट तेजस्वी. पहिल्याच रात्री माझ्या आलेखात झकास उंचवटा आला. मी लगेच गाईडना मेसेज टाकला (तुम्ही टाकू नका!). सकाळी फ्रेम्स नीट बघितल्या, तर मध्यरात्रीनंतर धुकं चढलेलं आणि अल्जिबाचा पसरलेला उजेड माझ्या ताऱ्यावर सांडलेला. तुलनेचे तारे लांबचे होते, त्यांच्यात हे दिसणारच नव्हतं.

मग ओळखायचं कसं? ताऱ्याचा पृष्ठभाग ३,४०० केल्व्हिनच्या आसपास असतो, ज्वालेचा उजेड मात्र साधारण १०,००० केल्व्हिनचा. म्हणून ज्वाला निळ्या फिल्टरमध्ये उसळते, लालमध्ये जेमतेम जाणवते. शिवाय ती काही सेकंदांत किंवा मिनिटांत चढते आणि सावकाश उतरते. धुक्याचा उंचवटा लालमध्येही ठळक असतो आणि रेंगाळत चढतो. तेव्हा निळी-लाल फ्रेम आळीपाळीने घ्या.

आणि अल्जिबाच्या विरुद्ध बाजूला, तितक्याच अंतरावर, रिकाम्या आकाशातही एक मापनवर्तुळ ठेवा. तिथेही उजेड वाढला, तर मेसेज थांबवा.