मॉनिटर उन्हात बघावा

सकाळी ७.००
कालचं फूटेज लावलं. ससून डॉकवरच्या मावशी कोळंबी सोलतायत. डोळे धूसर, मागची टोपली लख्ख. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर उन्हात कळलंच नव्हतं. शूटिंगची परवानगी उद्यापर्यंतच आहे. म्हणजे कॅमेऱ्यावर लावायचा मॉनिटर आजच घ्यायचा. बजेट १५ हजार. बॅटरी, केबल त्यातच.

८.४०
डोंबिवलीहून फास्ट लोकल. दाराशी उभ्या उभ्या एक गोष्ट ठरली: सात इंची नको. दिवसभर कॅमेरा हातात धरायचा, मनगट बोलायला लागतं. पाच इंची बस्स.

१०.३०
बोरा बाजार. शटरं नुकती वर गेलीत. "दादा, हा फोर-के आहे," दुकानातला मुलगा खोकं पुढे करतो. खोक्यावर तसं छापलंयही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सिग्नल फोर-के घेतो, पडदा १९२० बाय १०८०. पाच इंचांत तेवढं पुष्कळ.

११.१५
समोर दोन. एक ४५० निट्स उजेडाचा, दुसरा १००० चा आणि साडेतीन हजारांनी महाग. ट्यूबलाइटखाली दोघे जुळे भाऊ. स्वस्तातल्याचे रंग उलट जास्त देखणे. पण एक्स्पोजर रंग बघून ठरवायचं नसतं, त्याला फॉल्स कलर आणि वेव्हफॉर्म. दोन्हींत आहेत. फोकसमधल्या कडा रंगवणारं पीकिंगही आहे.

१२.३०
"शेठ, जरा बाहेर नेऊन बघू?" शेठनी मुलाला बरोबर धाडलं. रस्त्यावर टळटळीत ऊन. माझाच कॅमेरा, माझीच केबल. ४५० वाल्यात मला माझी मिशी दिसली. १००० वाल्यात समोरच्या लिंबूसरबतवाल्याच्या पापण्यांवर पीकिंगची लाल रेघ. संपला विषय.

१.१५
आता बॅटरी. मॉनिटर दहा वॅट खातो. एफ५५० साधारण १५ वॅट-तासांची, दीड तासात झोपणार. एफ९७० सुमारे ४७ ची, साडेचार तास चालेल. जड आहे, तरी घेतली. शिवाय केबलला क्लॅम्प. मायक्रो एचडीएमआयचं पोर्ट नाजूक, एका हिसक्यात ढिलं होतं. बिल १५,८००. सनहूड राहिला. घरी काळा कार्डशीट आहे.

रात्री ९.००
दिवे मालवून तालीम. दुपारी जो उजेड विकत घेतला तोच आता डोळ्यांत घुसतोय, आणि फसवतोयही: अंधारात पडदा झगझगीत असला की चित्र उजळ वाटतं, हात आयरिस बंद करत जातो. ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणला. उद्या पहाटे पाचला डॉकवर इतपतच लागेल. मावशी उन्हात येऊन बसतात आठला, तेव्हा १००.