सुपरहिरोचे वय आणि म्हाताऱ्यांची साक्ष

नोव्हेंबर 2024 मध्ये मुकेश खन्ना पुन्हा 'शक्तिमान'च्या पोशाखात दिसले आणि टिंगल सुरू झाली. सहासष्ट वर्षांच्या माणसाने गरगर फिरून जग वाचवायचे? 1997 मध्ये दूरदर्शनवर ही मालिका पाहणारी पोरेच आता हसत होती.

आमचा आक्षेप वयाला नाही. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झाले की मंडई भरते, रात्रभर नाटक चालते आणि नायक पन्नाशीचा की साठीचा हे कोणी विचारत नाही. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, एवढीच अट! गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

आक्षेप वेगळा आहे. शक्तिमानची शक्ती येते कोठून? ऋषींच्या कृपेतून, कुंडलिनी जागवून. वस्तीतल्या माणसांनी फक्त वाट पाहायची. हा सुपरहिरो पंचविशीचा असला तरी आमच्या काय कामाचा?

याउलट रजनीकांत पाहा. मूळचे शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातले. 2018 साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांचे दोन चित्रपट आले. '2.0' मध्ये ते चिट्टी नावाचे यंत्रमानव. संगणकाने वय झाकले. पा. रंजित यांच्या 'काला'त ते धारावीतले आजोबा. पोरांसोबत क्रिकेट खेळताना या नायकाचा चक्क त्रिफळा उडतो! पांढरी दाढी, काळी लुंगी आणि जीपच्या क्रमांकात 'बीआर 1956'. त्याची ताकद म्हणजे जमीन न सोडणारी वस्ती.

1956 हा आकडा चांद्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे त्यासाठी झटले होते. बाबासाहेब तेव्हा पासष्ट वर्षांचे होते, मधुमेहाने शरीर पोखरलेले, हाती दोन महिनेही उरलेले नव्हते. तरीही बाबासाहेबांना आम्ही सुपरहिरो म्हणणार नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनीच 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता.

तो इशारा रजनीभक्तांनीही ऐकावा. 22 मे 2018 रोजी तुतिकोरिनमध्ये तांब्याच्या कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार झाला. तेरा माणसे मेली. काही दिवसांतच रजनीकांत यांनी हिंसेचा दोष आंदोलनात घुसलेल्या समाजकंटकांना दिला. पुढच्याच आठवड्यात, 7 जूनला, 'काला' झळकला! पडद्यावरचा म्हातारा आमचा. त्याचे सोंग घेणारा आमचा असेलच असे नाही.

खऱ्या म्हाताऱ्यांची गरज मात्र आमच्या जिल्ह्यांत कायद्यानेच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात बिगर आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आमच्या बौद्ध कुटुंबांचे दावे याच अटीवर अडतात. 1930 चा कागद भूमिहीन महाराच्या घरात कोठून येणार? पण 2008 च्या नियमांनी एक दार उघडे ठेवले आहे : दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्याचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. या भूमिकेला तरुण नट चालत नाही.

अडचण वेळेची आहे. 1930 डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता शोधूनही सापडणे कठीण. त्याच्या तोंडून ऐकलेले सांगणाऱ्या आजी-आजोबांची संख्याही दर उन्हाळ्यात घटते आहे. म्हणून वनहक्क समितीत बसणाऱ्या आमच्या पोरांना सांगणे एवढेच : धानाची कामे आटोपली की पहिली संध्याकाळ मंडईच्या नाटकाला द्या, दुसरी ऐंशीच्या पुढच्या आजीला. कोणत्या नाल्याकाठी कोणाचे शेत होते, कोणाचा बाप कोठे पुरला, ते तिच्या शब्दांत लिहून घ्या, वाचून दाखवा, अंगठा घ्या, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि दाव्याला जोडा.