यंत्रानंतरचे श्रवणशिक्षण : घरातील गाण्याचे महत्त्व

जन्मतः श्रवणदोष असणाऱ्या बालकांचे प्रमाण दर हजारी सुमारे १ ते ३ असते. अशा बालकास श्रवणयंत्र अथवा कॉक्लिअर इम्प्लांट बसविल्यावर ‘आता मूल बोलू लागेल’ असे कुटुंबीयांना व देणगीदारांनाही वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः यंत्र आवाज पोहोचविते. त्याचा अर्थ लावण्यास मेंदूला शिकावे लागते. या शिक्षणात गाण्याचा वाटा कोणता, हे येथे थोडक्यात मांडत आहोत.

आंतरकर्णाच्या शंखाकृती भागात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम १२ ते २२ इलेक्ट्रोडवर येते. त्यामुळे ताल बऱ्यापैकी उमगतो, परंतु स्वरांचा चढउतार पुसट राहतो. ‘बाबा आले.’ आणि ‘बाबा आले?’ यांतील भेद केवळ स्वराचा आहे, तोच निसटतो. त्यात पंखा, मिक्सर व टीव्ही चालू असला, की आईचे शब्द वेगळे ओळखणे अधिकच कठीण होते.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात रित्वा टोरप्पा व त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्प्लांट असलेल्या मुलांचा अभ्यास केला. २०१४ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, नियमित गाणाऱ्या मुलांचे लक्ष ध्वनीतील बदलांकडे अधिक सहजतेने वळते आणि गोंगाटातील बोलणेही त्यांना अधिक चांगले समजते. अर्थात, ज्यांना चांगले ऐकू येते तीच मुले अधिक गात असण्याचीही शक्यता आहे. म्हणून गाण्यास आम्ही उपचाराचा पर्याय मानत नाही, पूरक मानतो. गाण्यात स्वर लांबतात, शब्द सावकाश येतात आणि तेच शब्द पुनःपुन्हा कानी पडतात. मूल स्वतः गाऊ लागले, की आपला आवाज ऐकून तो सुधारण्याचा सरावही घडतो.

पालकांनी टीव्ही बंद करून, मुलाच्या जवळ बसून अंगाई वा बडबडगीत रोज म्हणावे. गळा गोड असण्याची आवश्यकता नाही. गाणे ओळखीचे झाले, की ओळीतील शेवटच्या शब्दापूर्वी थांबावे व तो मुलास म्हणू द्यावा. मोबाइलवरील गाण्यात असे थांबणे नाही, वाट पाहणे नाही.

जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर यंत्राची खरेदी हा भांडवली खर्च होय. बॅटरी, वायर, दुरुस्ती आणि वाचा-श्रवण तज्ज्ञांचे वेतन हा आवर्ती खर्च. पहिल्यासाठी साहाय्य तुलनेने लवकर मिळते. दुसऱ्याअभावी महागडे यंत्र कपाटात पडून राहू शकते आणि भाषा शिकण्याची मोलाची पहिली वर्षे निघून जातात. ती पुन्हा मिळत नाहीत.

म्हणून देणगीदारांनी यंत्राइतकाच त्यानंतरच्या प्रशिक्षणासाठीही साहाय्याचा हात द्यावा व पालकांनी रोजचा काही वेळ गाण्यासाठी राखावा, ही नम्र विनंती.