काम सोडायची परवानगी

आखाती देशांतल्या ‘कफाला’ पद्धतीची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा मारहाण, उपासमार आणि काढून घेतलेले पासपोर्ट यांच्या बातम्यांमधून. बातम्या खऱ्या असतात, पण मूळ गोम त्यांत झाकली जाते. कफालात घरकाम करणाऱ्या बाईचा व्हिसा आणि राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. त्याला न विचारता तिनं घर सोडलं की ती फरारी ठरते. मालक भला निघाला तर तिचं नशीब. कायद्यानं तिला काही मिळालेलं नसतं. पगार, सुट्टी, जेवण यांचे नियम कितीही चांगले लिहिले, तरी ते पाळून घ्यायला लागणारा एकमेव धाक, म्हणजे ‘मी चालले’ म्हणण्याचा, तिच्या हाती नसतो. काम सोडून जाता येतं की नाही, ही कसोटी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या परिसराला लावून पाहण्यासारखी आहे.

संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. भोवतालच्या मानोरा, दिग्रस, पुसद भागातल्या कोरडवाहू तांड्यांमधून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं बाहेर पडतात. कुणी बांधकामावर, कुणी वीटभट्टीवर, कुणी ऊसतोडीला. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो आणि तो कोयता मुकादमानं आधीच दिलेल्या उचलीवर बांधला जातो. कारखान्याचा करार वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी; कोयत्याच्या वाट्याला येतो तो मुकादमाच्या वहीतला आकडा. आता हिशेब पाहा. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाल्यानंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्यानं पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. उचल लाखाची असेल तर ती फिटायला जवळपास १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न होता. ऊस कमी असलेल्या वर्षी कारखान्याचं धुराडं शंभर दिवसांतच विझतं. तोवर फिटतात ७३,२०० रुपये. उरलेले २६,८०० ‘बाकी’ म्हणून पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसतात, आणि बाकी असलेल्या कोयत्याला मुकादम बदलता येत नाही. मधल्या काळातलं आजारपण आणि किराणा या हिशेबात धरलेलाच नाही.

गाव सोडायला परवानगी लागणं या समाजाला नवं नाही. बैलांच्या लदेणीवर मीठ-धान्य वाहत देशभर फिरणाऱ्या या माणसांचा धंदा रेल्वेनं मोडला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं नोंदवलेल्या जमातींवर हजेरी आणि परवान्याचा जाच आला आणि बंजाऱ्यांचे काही गटही त्यात सापडले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटनही झालं. मुकादमाची वही मात्र कुठल्याच संग्रहालयात गेलेली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: उचल कुणी जबरदस्तीनं देत नाही, लोक स्वतः मागून घेतात. खरं आहे. पण १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की भूक आणि गरिबीतून येणारी सक्तीही सक्तीच असते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा तर आगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम करण्याचा किंवा मोकळेपणानं फिरण्याचा हक्क गमावणं यालाच वेठबिगारी म्हणतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही टोळ्या दोन-दोन ठिकाणी उचल घेऊन पसार होतात, ठेकेदार कर्जात बुडतात, आणि पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला तांड्यावर दुसरं कोण पैसे देतं? म्हणून उचल बंद करा असं म्हणण्यात अर्थ नाही. बुडालेले पैसे वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे. बाकी कुठल्याही व्यवहारात आपण तेच करतो. इथंच तेवढं माणसाला अडकवून ठेवायचं, हे का?

स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेनंही स्थलांतराची व्याख्या तिथंच ठेवली. म्हणजे मानोऱ्याचा कोयता निपाणीकडे गेला तर आंतरराज्य स्थलांतरित, कागलच्या अलीकडे थांबला तर नाही. ऊस दोन्हीकडे सारखाच धारदार असतो.

कतारनं २०२० मध्ये घरकामगारांसह सर्वांसाठी नोकरी बदलताना मालकाचं ना-हरकत पत्र लागण्याची अट काढली. सौदी अरेबियानं २०२१ मध्ये सुधारणा केल्या, पण घरकामगारांना त्यांतून वगळलं. आणि जिथं कागद मोकळा झाला तिथंही एजंटाला दिलेल्या पैशांसाठी काढलेलं कर्ज राहिलंच. आपल्याकडे कागद पहिल्यापासून मोकळाच आहे. अडवतं ते कर्ज. तेव्हा सुरुवात कर्जाच्या मालकीपासून व्हायला हवी. उचल कारखान्यानं थेट दोघांच्या वेगवेगळ्या बँक खात्यांत द्यावी, करारावर नवऱ्याइतकंच बायकोचं नाव असावं, टनाचा हिशेब दर पंधरवड्याला पासबुकात चढावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घ्यायचं आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलेलंच आहे. त्यातला काही भाग हंगाम मध्येच सोडणाऱ्या बाळंतिणीची किंवा आजाऱ्याची बाकी फेडायला राखून ठेवता येईल. नोंदणीसाठी मुहूर्तही शोधावा लागणार नाही. रामनवमीच्या यात्रेला तांडेच्या तांडे पोहरादेवीत उतरतात. बहुतेक गाळप तोवर आटोपलेलं असतं आणि पुढच्या उचलीवर अजून अंगठा उठलेला नसतो.